‘आमी’ म्हणजे किती जण?

माझा धंदा काय हे कळलं की समोरचा माणूस आधी केसांवरून हात फिरवतो आणि मग खोटं बोलायला लागतो. मी चरित्रं लिहितो. थोरामोठ्यांची नव्हे. त्यांची लिहायला पुण्या-मुंबईत पुष्कळ माणसं आहेत आणि ती आपापसांत भांडण्यात सुखी आहेत. मी शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतल्या माणसांची लिहितो. निवृत्त ग्रामसेवक, भजनी मंडळाचे बुवा, दूध सोसायटीचे चेअरमन. ज्यांची पंचाहत्तरी जवळ आलेली असते, मुलगा हौशी असतो, आणि एखाद्या रस्त्याला, निदान बसथांब्याला तरी आपलं नाव लागावं असं ज्यांना वाटत असतं, ते सगळे माझे नायक.

त्याआधी बावीस वर्षं मी ठाण्याच्या एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. तालुका वार्ताहराचं कार्यालय म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातली एक खुर्ची, तीही गिऱ्हाईक आलं की रिकामी करून द्यायची. बिबट्या दिसला ही बातमी. आठ दिवसांनी, बिबट्या परत दिसला नाही, हीपण बातमी. मुंबईला पाणी पाजणारं तानसा धरण भरलं की पहिल्या पानावर, कारण मुंबईकर खूश. तानशाच्या काठावरच्या गावात टँकर आला नाही की आतल्या पानावर, जाहिरातीच्या खाली. बातमीला जागा तीन इंच. तीन इंचांत एकच माणूस मावतो. दोन घातले की ठाण्याचा उपसंपादक एकाला कापणार, आणि नेमका जो खरं काम करतो त्यालाच कापणार. म्हणून मीच आधी एकाला कापून पाठवायला शिकलो. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावं. माझी सगळी फजिती याच्यातूनच उगवली आहे.

चरित्रकार झालो तो मयतांमुळे. सापगावचे एक आजोबा वारले. त्यांची निधनवार्ता लिहिताना जागा रिकामी होती म्हणून मी एक वाक्य जास्त घातलं, की आजोबा पाण्याचा एक घोट घेऊन ते कुठल्या विहिरीचं हे सांगत असत. घरच्यांनी ते कात्रण लॅमिनेट करून फोटोच्या हाराखाली लावलं. दहाव्याला गेलो तेव्हा आजोबांच्या वयाचे एक गृहस्थ मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “भाऊ, मेल्यावर लय चांगलं लिवता तुमी. पण आमाला वाचायला नाय मिळत. जरा आधी लिवा ना.”

त्या दिवशी माझ्यातला पत्रकार संपला आणि चरित्रकार जन्माला आला. दहाव्याच्या मांडवातच.

आता या कामाची रीत सांगतो, कारण लोकांना वाटतं की माणूस सांगतो आणि आपण लिहितो. तसं नसतं. पहिल्या बैठकीत माणूस भाषण करतो. दुसऱ्या बैठकीत आजार सांगतो. तिसऱ्या बैठकीला तो कंटाळलेला असतो, तेव्हा मी विचारतो, “तुम्ही पायात पहिली चप्पल कधी घातली?” हा प्रश्न म्हणजे माझं ब्रह्मास्त्र. पहिल्या चपलेबद्दल आजवर माझ्याशी कोणी खोटं बोललेलं नाही. कुठल्या बाजारात घेतली, कोणी घेऊन दिली, चावली कुठे, सगळं येतं, आणि त्या चपलेच्या मागोमाग उरलेलं आयुष्य अनवाणी चालत येतं.

गिऱ्हाइकांचे नमुने सांगायचे तर हा अख्खा अंक पुरणार नाही. एकाने भावाशी फाटलं म्हणून घरातल्या प्रत्येक फोटोतून भावाला कात्रीने कापलं होतं. पण मुखपृष्ठासाठी निवडलेल्या फोटोत भावाचा हात तेवढा याच्या खांद्यावर राहिला. तो कापायचा तर खांदाही जाणार. हा हात कोणाचा म्हणून लोक विचारतील, काय करू, असं त्याने मला विचारलं. मी खाली ओळ टाकली, ‘पाठीशी सदैव नियतीचा हात.’ भावाने ती वाचली आणि म्हणे पहिल्यांदाच हसला. दुसरा एकजण म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेत भेटला. त्याला त्याच्या बैलाचं चरित्र हवं होतं. आठ पानी लिहून दिलं. माझ्या सगळ्या नायकांत तो बैल एकटाच असा, की ज्याने स्वतःबद्दल एकही थाप मारली नाही आणि पुस्तक आल्यावर एकही दुरुस्ती सुचवली नाही.

या सगळ्यात माझी बायको सुलभा असते. मी मोबाइलवर बोलणं रेकॉर्ड करून आणतो आणि ती कानाला इअरफोन लावून ते शब्दन् शब्द फुलस्केप वहीत उतरवते. ती मुरबाडकडची, बालवाडीत शिकवते, त्यामुळे अर्धवट आणि बोबडं बोलणं समजून घेण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. वहीच्या समासात ती पेन्सिलीने शंका लिहिते. ‘हे खोकले, म्हणजे काहीतरी लपवलं.’ ‘मघाशी म्हैस, आता गाय?’ मग मी त्या वहीवरून पुस्तक लिहितो, आणि लिहून झालं की प्रस्तावनेत ‘हे चरित्र सिद्ध करताना मला अपार कष्ट पडले’ असं म्हणतो.

तर तात्या.

मुरबाड तालुक्यातलं गाव आहे. नाव सांगत नाही, कारण गाव वाचतं. एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला टेकडीवर आदिवासींची ठाकरवाडी, आणि मधून ओढा. पावसाळ्याचे चार महिने तो ओढा असा सुटायचा की गाव गावात आणि वाडी वाडीत. साठ वर्षांपूर्वी त्यावर कोणीतरी साकव घातला, म्हणजे ओंडके टाकून पायी जाण्यापुरता पूल. आता वरच्या अंगाला सिमेंटचा पूल झालाय, गाड्या तिथून जातात. पण साकव अजून आहे. त्याचे ओंडके कुजले की बदलतात, आणि लोक अजून त्याच्यावरूनच येतात-जातात.

‘कोणीतरी’ म्हणजे धर्मातात्या, असं मला त्यांच्या मुलाने, दिनेशने सांगितलं. दिनेशचा वीट-रेतीचा धंदा आहे आणि येत्या निवडणुकीत सरपंच व्हायची इच्छा आहे. तात्यांना एक्याऐंशीवं लागलं होतं. पुस्तकाचं नावही दिनेशनेच ठरवलं होतं, ‘साकवपुरुष’.

तात्या म्हणजे चरित्रकाराला देवाने दिलेला माणूस. भाषण नाही, आजार नाही. पण एक खोड. ते कधी ‘मी’ म्हणत नसत. “आमी पहाटं उठलो. आमी दात घासलं. आमी शेतावर गेलो.” आपल्याकडे जुनी माणसं बोलतात असं, त्यात काही विशेष नाही. दात काही कोणी मंडळी जमवून घासत नाही. तेव्हा ‘आमी’ म्हणजे तात्या, हे मी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. साकवाबद्दल ते म्हणाले, “अडचण व्हायची. मंग आमी साकव बांधला.” का, कसा, यावर “बांधला म्हंजे बांधला.” मी लिहिलं, ‘विद्यार्थी व रुग्ण यांची गैरसोय पाहून त्यांचे हृदय द्रवले. त्यांनी कंबर कसली. त्यांनी रानातून ओंडके आणले. त्यांनी साकव उभारला.’ प्रकरणाच्या पहिल्या ओळीत नाव एकदा आणि मग पानभर ‘त्यांनी’. वृत्तपत्री शिस्त म्हणतात ती हीच.

पाचशे प्रती छापून दिनेशच्या पडवीत पोचल्या. प्रकाशन रविवारी होतं. मंगळवारी दिनेशचा फोन आला. त्याचा आवाज उतरला होता. तात्यांनी पुस्तक वाचलं आहे आणि ते खोक्यांवर जाऊन बसले आहेत, असं तो म्हणाला. मला नीट कळेना. मोटारसायकल काढून गेलो.

पडवीत पुस्तकांचे आठ खोके रचलेले होते आणि त्यांच्यावर तात्या, हातात काठी. चौथीपर्यंतच्या शिक्षणावर त्यांनी अक्षर अक्षर लावत तीन प्रकरणं वाचली होती आणि चौथ्यात थांबले होते. सोमवारपासून ते तिथेच बसून होते. जेवणही तिथेच. नैसर्गिक कारणांसाठी उठावं लागलं तर बायकोला, पार्वतीकाकूंना, खोक्यांवर बसवून जात. प्रत उचलायला आलेल्या एका पाहुण्याला काठी लागली होती.

मला पाहून ते शांतपणे म्हणाले, “पत्रकार, वाळकू कुठं हाय?”

वाळकूबाबा म्हणजे वाडीतले एक म्हातारे, त्यांचे मित्र, एवढं मला माहीत होतं. मी म्हटलं, वाडीत असतील.

“वाडीत हाय ते ठावं हाय मला. पुस्तकात कुठं हाय?”

मी घाईघाईने चौथं प्रकरण उघडलं, जणू मी लिहिताना नसलेला वाळकू छापखान्यात आपोआप आला असेल. तात्या म्हणाले, “मी तुला काय सांगितलं? साकव कोनी बांधला?”

“तुम्ही म्हणालात, आमी बांधला.”

“मंग आमी म्हंजे किती जन?”

त्यांच्या तोंडून ‘मी’ हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, आणि तो असा माझ्या अंगावर आला.

मग त्यांनी सांगितलं ते असं. साकव झाला तेव्हा दोघं विशीतले. दोघांनीच झाडं पाडली, दोघांनीच ओंडके खांद्यावर वाहिले, पुढे धर्मा, मागे वाळकू. काम झाल्यावर तालुक्याहून कोणी साहेब पाहायला आले. सोबत नारळ आणि शाल. शाल एकच होती, आणि साहेब आले गावाच्या बाजूने, तेव्हा ती धर्माच्या खांद्यावर पडली. वाळकू समोरच्या काठावर उभा होता. तो रागावला नाही. उलट हसला. पण त्याच संध्याकाळी धर्माने साकवाच्या मधोमध जाऊन त्याला शब्द दिला, की साकवाचा विषय निघाला की तोंडातून ‘मी’ काढणार नाही. साकवापुरतं ‘आमी’ म्हणता म्हणता ते जिभेला इतकं बसलं की दात घासण्यापर्यंत पोचलं.

“साठ वर्षं सांबाळलं रे,” तात्या म्हणाले. “तू पाच मयन्यांत घालवलंस. आता तो ऐकंल, का धर्मानं पुस्तकात एकट्याच्या नावावर घेतला साकव. मी त्याच्या तोंडाकडं कसा बघू?”

दिनेश मध्ये पडला. एवढं काय मोठं, भाषणात उल्लेख करू, म्हणाला. तात्यांनी काठी नुसती उचलली. त्यांचा निकाल ठरला होता. मी वाडीत जायचं आणि चौथं प्रकरण वाळकूला वाचून दाखवायचं. त्याला राग आला, तर आठही खोके ओढ्यात आणि समारंभ रद्द. तोवर ते उठणार नव्हते.

घरी येऊन मी सुलभाला सगळं सांगितलं. तिने उठून कपाटातून तात्यांची वही काढून माझ्यापुढे ठेवली. समासात पेन्सिलीचे पुसट डाग होते. वही तिरकी धरली की दिसायचं, ‘आमी = ?’ पुढच्या पानावर पुन्हा, ‘इथे आमी = किती?’ साकवाच्या पानावर तर तिने दोनदा अधोरेखित केलं होतं. तिने शंका लिहिल्या होत्या, आणि मी लिहायला बसण्याआधी वही स्वच्छ दिसावी म्हणून त्या खोडरबराने खोडल्या होत्या. बावीस वर्षांची सवय. एकाला कापून पाठवायचं.

“विचारायचं तरी होतं,” ती म्हणाली.

“कुणाला?”

“मला नाही हो. त्यांना.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाडीत निघालो. मे महिना. ओढ्यात टिपूसभर पाणी नव्हतं, गुरं खुशाल पात्रातून ये-जा करत होती. पण मी मुद्दाम साकवावरून गेलो. प्रायश्चित्त करायचं तर नीट करावं. माझं वजन शहाण्णव किलो. साकव असा काही बोलला की त्यालाही चौथं प्रकरण वाचून दाखवलं असावं असं वाटलं.

वाळकूबाबा अंगणात पावसाळ्यासाठी इरलं बांधत बसले होते. बांबूच्या कांबींची जाळी आणि त्यात खोचायला पानं. हातांना काम, कान माझ्याकडे. मी गोलगोल प्रस्तावना केली. एक पुस्तक झालंय, त्यात काही उणंदुणं राहिलंय, मोठ्या मनाने. ते म्हणाले, “वाच रे. येवडा भितो कशाला?”

तात्यांचं नाव असलेली पहिली ओळ गाळून मी वाचायला लागलो. ‘त्यांनी कंबर कसली.’ बाबा कांब वाकवत होते. ‘त्यांनी रानातून ओंडके आणले.’ हात थांबला. माझा आवाज बारीक झाला. ‘त्यांनी साकव उभारला.’

बाबांनी मान वर केली. चेहरा उजळला होता. “बराबर लिवलंस. त्यांनीच. आमीच बांधला.”

मला क्षणभर काही कळेना. मग डोक्यात लख्ख झालं. मी ‘त्यांनी’ लिहिलं होतं ते आदराने, एकट्या तात्यांना. पण वाळकूबाबांच्या लेखी धर्मा हा जन्मभराचा ‘तो’. त्याला ‘त्यांनी’ कोण म्हणेल? त्यांनी म्हटलं म्हणजे दोघं. व्याकरणाने माझी अब्रू वाचवली होती. मी असा सुटकेचा निश्वास टाकला की इरल्याची दोन पानं उडाली.

तिथे मी पुस्तक मिटायला हवं होतं. पण यशाने माणूस बिघडतो. बाबा म्हणाले, आणखी वाच, आणि मी भरात येऊन पाचवं प्रकरण उघडलं. ‘त्यांनी गावात दूध सोसायटी स्थापन केली.’

“ह्यात मी नव्हतो,” बाबा म्हणाले.

“असू दे, पुढे ऐका. ‘त्यांनी सलग दोन वेळा ग्रामपंचायतीची निवडणूक जिंकली.’”

“कवा? मी कंदी उबाच नाय रायलो. खोटं कशाला लिवतो रे? लोक काय म्हंतील मला?”

मी पान उलटलं आणि घात झाला. ‘त्यांनी कुमारी पार्वती हिच्याशी विवाह केला.’

इरलं बाजूला पडलं. वाळकूबाबा उठून उभेच राहिले. “अरं मी नाय केला. त्या लग्नात मी वाजंत्रीबरोबर होतो. धर्माला विचार. पार्वतीला विचार.” घरातून त्यांची बायको बाहेर आली आणि काय झालं म्हणून विचारायला लागली. ते तिच्याशी आपल्या बोलीत भराभर बोलले. मला अर्धंच कळलं, पण पार्वतीकाकूंचं नाव दोनदा ऐकू आलं आणि दोन्ही वेळा म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. पुढचं वाक्य ‘त्यांना तीन अपत्ये झाली’ असं होतं. ते मी वाचलं नाही. तेवढी अक्कल शिल्लक होती.

मग मात्र मी खरं सांगितलं. हे सगळं ‘त्यांनी’ एकट्या तात्यांना आहे. साकवही. तुम्ही पुस्तकात नाही. चूक माझी. तात्या खोक्यांवर बसून आहेत, तुमच्याकडे यायचं तोंड नाही म्हणतात.

बाबा खाली बसले. कांब उचलून दुमडायला लागले. माझ्या डोळ्यांपुढे आठ खोके ओढ्यात पडताना दिसत होते.

“शाल दिली तवाबी असाच बसलेला,” ते शेवटी म्हणाले. “दोन दिस भात नाय खाल्ला. मीच गेलो समजवाया.” मग मान हलवून म्हणाले, “आनी ते इद्यार्थी आनी रुग्न कोन रे? कोनासाटी बांधला लिवलंस?”

मी म्हटलं, मग कशासाठी बांधला?

ते हसायला लागले. पावसाळ्यात चार महिने धर्मा त्या काठावर आणि वाळकू या काठावर. बोलायचं असलं की ओढ्याच्या आवाजावरून ओरडायचं. धर्माच्या घरात काय भांडण झालं, वाळकूच्या बायकोला कितवा महिना, सगळं दोन्ही काठांना ऐकू जायचं. एकदा धर्माने एका मुलीबद्दल मनातलं सांगितलं, तेही ओरडून, आणि ती मुलगी शंभर पावलांवर भाताची आवणी करत होती. मुलगी पुढे पार्वतीकाकू झाली म्हणून बरं.

“हळू बोलाया मिळावं, म्हनून बांधला,” वाळकूबाबा म्हणाले. “दुसरं काय नाय.”

मी इतकी वर्षं लोकांच्या आयुष्यातली कारणं लिहितोय. समाजसेवा, ध्येयवाद, तळमळ. यापेक्षा चांगलं कारण मला मिळालेलं नाही, आणि ते पुस्तकात नव्हतं.

आता रविवारपर्यंत करायचं काय? पाचशे प्रती पुन्हा छापणं शक्य नव्हतं. तोडगा सुलभाने काढला. ती म्हणाली, शुद्धिपत्र. एक चिठ्ठी छापा आणि प्रत्येक प्रतीत चिकटवा. मी म्हटलं, पण पुस्तकाचं नाव? ‘साकवपुरुष’ एकटाच आहे. तिने माझ्याकडे बालवाडीतल्या मुलाकडे पाहावं तसं पाहिलं आणि म्हणाली, “एक पुरुष, दोन पुरुष. शब्द बदलतो का?”

नाही बदलत. मराठी व्याकरण एका आठवड्यात दुसऱ्यांदा धावून आलं होतं.

दिनेश मात्र अडून बसला. वडिलांच्या पुस्तकात वाटेकरी कशाला, असं त्याचं म्हणणं. मी त्याला अंगणात नेऊन एवढंच विचारलं, की वाडीत मतदार किती. तो आकाशाकडे पाहत मनातल्या मनात मोजत राहिला आणि मग म्हणाला की वाळकूबाबांवर त्याचं लहानपणापासून प्रेम आहे. शाली दोन घ्यायला तो स्वतः मुरबाडला गेला.

चिठ्ठी गुलाबी कागदावर छापली. ‘शुद्धिपत्र. प्रकरण चौथे : येथे ‘त्यांनी’ म्हणजे धर्मा आणि वाळकू, दोघांनी, असे वाचावे. ‘विद्यार्थी व रुग्ण यांची गैरसोय पाहून’ याऐवजी ‘हळू बोलता यावे म्हणून’ असे वाचावे. अन्य सर्व प्रकरणांत ‘त्यांनी’ म्हणजे एकटे तात्या. विवाहासंबंधी वाळकूबाबांचा काहीही संबंध नाही.’ शेवटचं वाक्य बाबांच्या बायकोच्या आग्रहावरून.

तात्यांना ती चिठ्ठी वाचून दाखवली तेव्हा त्यांनी दोनदा वाचायला लावली. मग विचारलं, “त्याला राग नाय आला?” मी म्हटलं, लग्नाचा आला, साकवाचा नाही. तात्या खोक्यांवरून उतरले. पाय आखडले होते, पार्वतीकाकूंना धरावं लागलं. शनिवारी सगळं घर पिठाची खळ करून चिठ्ठ्या चिकटवायला बसलं. दुपारी साकवावरून वाळकूबाबाही आले आणि तात्यांच्या शेजारी बसून चिकटवायला लागले. दोघांनी मिळून बऱ्याच चिठ्ठ्या उलट्या चिकटवल्या. त्या तशाच ठेवल्या आहेत.

समारंभ थाटात झाला. मंचावर दोन खुर्च्या, दोन हार, दोन शाली. मे महिन्यात शाल कोण पांघरणार? दोघांनी त्या घडी घालून तापलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर ठेवल्या आणि त्यांच्यावर बसले. प्रमुख पाहुणे बोलायला लागले ते थांबेनात. कोणीतरी दुसरा माइक सत्कारमूर्तींच्या पुढ्यात आणून ठेवला होता, चालू. वाळकूबाबा तात्यांच्या कानाकडे वाकले आणि हळूच बोलले, आणि ते दोन कर्ण्यांतून दोन्ही काठांना ऐकू गेलं.

“धर्मा, हा कवा थांबनार? भूक लागली.”

“गप बस. त्याच्यामागं पत्रकार बोलनार हाय.”

“तो जाडा? साकव मोडीत होता परवा.”

मांडव हसून आडवा झाला. प्रमुख पाहुण्यांनी शहाणपणाने भाषण आवरलं. माझं झालंच नाही. दोघा म्हाताऱ्यांना आपलं काय ऐकू गेलं ते उशिरा कळलं. वाळकूबाबा माइककडे बघून म्हणाले, “घ्या. साकव बांधून काय उपेग?”

जेवणं झाल्यावर पार्वतीकाकूंनी मला गाठलं. हातात पुस्तक, त्यात पान धरलेलं. लग्नाचं. “काय रे भाऊ,” त्या म्हणाल्या, “त्यांनी विवाह केला, त्यांनी शेत वाढवलं, त्यांना तीन पोरं झाली. मंग मी कुठं होती?” मी म्हटलं, काकू, दुसऱ्या आवृत्तीत. त्या म्हणाल्या, “चिठ्ठी लाव. खळ उरलीय.”

घरी येऊन मी दमून आडवा झालो. सुलभा नवी प्रत चाळत बसली होती. थोड्या वेळाने तिने ती माझ्या उशाशी ठेवली आणि आत गेली. उघडून पाहिलं. प्रस्तावनेतल्या माझ्या त्या लाडक्या वाक्याशेजारी, ‘हे चरित्र सिद्ध करताना मला अपार कष्ट पडले’, समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘मला = ?’

खोडरबर हाताशीच होतं. या खेपेला ते उचललं नाही.

तेव्हा संपादकांना विनंती, की या लेखाच्या शेवटी पुढील मजकूर न कापता छापावा. तीन इंचांपेक्षा कमीच जागा लागेल.

शुद्धिपत्र : या लेखात जिथे जिथे ‘मी’ आला आहे, तिथे ‘आमी’ वाचावे. आमी म्हणजे दोन जण, मी आणि सुलभा.

(लेख तिनेच उतरवून काढला. त्याखाली पेन्सिलीने दोन शब्द वाढवले आहेत, तेही तसेच छापावेत : ‘चुका सोडून.’)